सव्वादोन रुपयांचा डॉलर

अमेरिकेच्या चांदीच्या डॉलरांची यादी उघडावी आणि तिच्यातल्या दोन ओळी शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिली ओळ : साल १९०१, टाकसाळ फिलाडेल्फिया, पाडलेली नाणी ६९ लाख ६२ हजार. दुसरी : साल १९०४, टाकसाळ न्यू ऑर्लीन्स, नाणी ३७ लाख २० हजार. दोन्हींवर डावीकडे पाहणारा स्वातंत्र्यदेवीचा तोच भरदार चेहरा, मागे पंख पसरलेला तोच गरुड, वजन तेच, चांदीही तीच. जे कमी पाडले ते दुर्मीळ, हा साधा हिशेब इथे लावला की फसगत होते. १९०४ चे कोरे, चलनात न फिरलेले नाणे आजही सहज मिळते. १९०१ चे झिजलेले हवे असेल तर तेही मिळते. पण कोरे हवे असेल तर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते, आणि लिलावात ते पुढे आले की बोली चढत जाते.

टाकसाळीने किती नाणी पाडली ते नोंदवहीत सापडते. त्यातली किती उरली, हे मात्र मुशीने ठरवले. आणि ती मूस पेटली होती हिंदुस्थानच्या रुपयासाठी. मुंबई आणि कलकत्त्याच्या टाकसाळींना चांदी कमी पडू लागली आणि त्यापायी अमेरिकेच्या तिजोऱ्यांतले सत्तावीस कोटी डॉलर वितळले. विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव शतकातली अमेरिकी चांदीची नाणी जमवणारा माणूस, त्याला माहीत असो वा नसो, या एका प्रसंगाच्या उरल्यासुरल्या अवशेषांत हात घालत असतो.

गोष्ट सुरू होते ती नेवाडाच्या डोंगरांत. तिथे १८५९ मध्ये कॉमस्टॉक नावाची चांदीची शीर सापडली आणि पुढच्या वीस वर्षांत चांदी इतकी निघाली की तिचा भाव घसरत गेला. खाणमालकांना हक्काचे गिऱ्हाईक हवे होते. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांना बाजारात पैसा वाढायला हवा होता. दोघांनी मिळून काँग्रेसवर जोर लावला आणि १८७८ मध्ये कायदा झाला : सरकारने दर महिन्याला वीस ते चाळीस लाख डॉलरची चांदी विकत घ्यायची आणि तिचे डॉलर पाडायचे. अध्यक्ष हेस यांनी नकाराधिकार वापरला. काँग्रेसने तो त्याच दिवशी मोडून काढला. नाण्याचा ठसा कोरला जॉर्ज मॉर्गन या इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमहून आलेल्या कारागिराने. चेहऱ्यासाठी त्याने फिलाडेल्फियातल्या ॲना विल्यम्स या शिक्षिकेला समोर बसवले. पुढे संग्राहकांनी त्या नाण्याला त्याचेच नाव दिले, मॉर्गन डॉलर.

नाणे देखणे होते, पण जड. २६.७३ ग्रॅम, म्हणजे सव्वादोन तोळ्यांहून थोडे जास्त. असे दहा डॉलर खिशात घेऊन कोण हिंडणार? पश्चिमेकडची खाणकामगारांची गावे सोडली तर लोकांना ते नकोच होते. मग सरकारने त्यांच्या बदल्यात कागदी प्रमाणपत्रे काढली. कागद बाजारात फिरू लागला आणि नाणी हजार-हजारांच्या कापडी थैल्यांत भरून तळघरांत गेली. १९०४ मध्ये विकत घेतलेली चांदी संपली आणि डॉलर पाडणे थांबले. तोपर्यंत सुमारे ५७ कोटी नाणी पाडून झाली होती. त्यांतल्या बऱ्याचशा नाण्यांनी टाकसाळ ते तिजोरी एवढाच प्रवास केला होता.

तिथेच ती राहिली असती तर आज मॉर्गन डॉलरचा संग्रह हा अगदी स्वस्तातला छंद असता.

पण १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. हिंदुस्थानातून गहू, ताग, कातडी आणि फौजांना लागणारे हजार प्रकारचे सामान दोस्तराष्ट्रांकडे जाऊ लागले. मेसोपोटेमियात लढणाऱ्या फौजेचा बराचसा खर्चही हिंदुस्थानातूनच रुपयांत भागवला जाई. लंडनमध्ये पौंड जमा होत, पण इथल्या शेतकऱ्याला, दलालाला, शिपायाला हवा असे बंदा रुपया. वाजवून घ्यावा, खणखणीत लागला की गाठीला बांधावा. एकशे ऐंशी ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा तो कलदार ही गावाकडच्या माणसाची बँक होती. त्याचे दागिने होत, तो गाडग्यात घालून पुरला जाई, मुलीच्या लग्नाला निघे. एकदा गावात गेलेला रुपया सहसा परत येत नसे.

म्हणजे नवे रुपये पाडत राहणे भाग होते आणि नेमकी चांदीच आटली होती. मेक्सिको हा जगातला मोठा चांदी-उत्पादक देश १९१० पासून क्रांतीच्या धुमाळीत सापडला होता. खाणी बंद पडल्या होत्या. भाव चढू लागला. रुपयाचा सरकारी दर एक शिलिंग चार पेन्स. चांदी औंसाला ४३ पेन्सांच्या वर गेली की रुपयातली चांदी रुपयापेक्षा महाग होणार, हे गणित सराफकट्ट्यावरच्या कोणालाही तोंडपाठ होते. १९१७ च्या ऑगस्टात तो टप्पा ओलांडला गेला आणि सप्टेंबरात भाव ५५ पेन्सांवर पोचला. रुपया वितळवणे सरकारने गुन्हा ठरवले. रुपयाचा दर वाढवला. एक रुपयाची कागदी नोट काढली, पाठोपाठ अडीच रुपयांची. लोकांनी नोटा घेतल्या आणि लगेच मोडायला आणल्या.

नोटेवर छापलेले वचन साधे होते : मागाल तेव्हा चांदीचे रुपये देऊ. १९१८ च्या मार्चअखेर बाजारात जवळपास शंभर कोटींच्या नोटा होत्या आणि त्या वठवायला सरकारच्या हाती उरलेले रुपये होते साडेदहा कोटींच्या आसपास. त्याच दिवसांत फ्रान्समध्ये जर्मनांनी मोठी चढाई केली. इंग्रज हरणार, या बातमीला बाजारात पाय फुटायला वेळ लागत नाही. करन्सी कचेऱ्यांपुढे नोटा घेऊन गर्दी होऊ लागली; आडगावांत नोट मोडायला वटाव द्यावा लागू लागला. जूनच्या पहिल्या आठवड्यात रुपयांचा साठा चार कोटींच्या जवळ उतरला. वचन मोडले असते तर नुसती पत गेली नसती; माल खरेदी थांबली असती, फौजेचा पगार थांबला असता.

जगात तेव्हा चांदीचा एवढा मोठा तयार साठा एकाच ठिकाणी होता. अमेरिकेच्या तळघरांत, हजार-हजारांच्या थैल्यांत.

वॉशिंग्टनमध्ये ब्रिटनचे राजदूत होते लॉर्ड रेडिंग, तीनच वर्षांनी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होऊन आलेले तेच. त्यांच्या कचेरीमार्फत बोलणी झाली आणि नेवाडाचे सेनेटर की पिटमन यांनी विधेयक मांडले. ते मंजूर व्हायला फार दिवस लागले नाहीत. २३ एप्रिल १९१८ रोजी पिटमन कायदा झाला. त्याच्या लांबलचक नावात सोन्याचा साठा राखणे आहे, शत्रूशी लढणाऱ्या मित्र सरकारांना मदत करणे आहे, चांदीच्या उत्पादनाला उत्तेजन देणेही आहे. हिंदुस्थान हा शब्द नाही. नोटेमागे चांदी उरलेली नाही ही गोष्ट जाहीर सभागृहात जितकी कमी बोलली जाईल तितके बरे, हे दोन्ही सरकारांना कळत होते.

कायद्यात दोन कलमे महत्त्वाची. एक : पस्तीस कोटींपर्यंत चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी औंसाला एक डॉलरपेक्षा कमी नाही अशा भावाने विकता येईल. दोन : जेवढी विकली तेवढी चांदी पुढे अमेरिकी खाणींकडून औंसाला एक डॉलर याच भावाने परत घ्यायची आणि तिचे पुन्हा डॉलर पाडायचे. पिटमन हे नेवाडाचे प्रतिनिधी होते, ते या दुसऱ्या कलमातून कळते. हिंदुस्थानची निकड भागली आणि नेवाडाच्या खाणींना पुढच्या काही वर्षांची विक्री हमीच्या भावाने मिळाली.

थैल्या फुटू लागल्या. एकूण २७,०२,३२,७२२ डॉलर मुशीत गेले. पाडलेल्या सगळ्या नाण्यांपैकी हे जवळजवळ निम्मे. त्यातल्या १,११,११,१६८ डॉलरांच्या चांदीतून अमेरिकेची स्वतःची चिल्लर पाडली गेली. उरलेल्या २५,९१,२१,५५४ नाण्यांची वीस कोटी औंस शुद्ध चांदी हिंदुस्थानला औंसाला एक डॉलर दीड सेंट या दराने मिळाली. फोडताना कोणी थैलीवरचे साल पाहिले नाही. कोणत्या वर्षाची, कोणत्या टाकसाळीची किती नाणी गेली याची यादी केली गेली नाही, कारण त्या घडीला ती कोणाला हवीच नव्हती. तेव्हा जमवाजमव करणारे बहुतेक हौशी लोक वर्षाला एक नाणे घेऊन समाधानी असत. टाकसाळीच्या बारीक अक्षरासाठी वेगळे नाणे राखणारे थोडेच. नाणेसंग्राहकांच्या पुढच्या चार पिढ्यांना ज्या यादीसाठी जीव द्यावासा वाटला असता, ती कधी लिहिलीच गेली नाही.

इथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. अमेरिकी डॉलरमध्ये शुद्ध चांदी ३७१.२५ ग्रेन. रुपयात १६५ ग्रेन. भागाकार केला तर उत्तर येते बरोबर सव्वादोन. वर दशांशाचा एक अंशही उरत नाही. एका डॉलरच्या पोटात सव्वादोन रुपये. म्हणजे त्या पंचवीस-सव्वीस कोटी डॉलरांतून अठ्ठावन्न कोटींहून जास्त रुपये निघू शकत होते.

आणि रुपये निघालेही. मुंबईच्या फोर्टात टाऊन हॉलसमोर, १८२० च्या दशकात बांधलेल्या टाकसाळीत, त्या दोन वर्षांत पाडलेल्या रुपयांची संख्या वाचताना डोळे विस्फारतात : १९१८ आणि १९१९ मिळून चाळीस कोटींहून अधिक. कलकत्त्याच्या टाकसाळीचा आकडाही तेवढ्याच तोडीचा. सगळी चांदी अमेरिकेचीच होती असे नव्हे, पण तिच्याशिवाय हे आकडे शक्य नव्हते. लाद्या वितळायच्या, रुपयाच्या कसाला आणायच्या, पट्ट्या लाटायच्या, चकत्या कापायच्या आणि पंचम जॉर्जच्या ठशाखाली घालायच्या. मुंबईच्या रुपयाला एक बारीक खूण असते. मागची बाजू वर करून वेलबुट्टीच्या तळाशी असलेल्या कमळाखाली पाहिले तर मोहरीहून लहान असा एक उठावदार ठिपका दिसतो. कलकत्त्याच्या रुपयाला तो नाही.

नोटांवरचे संकट टळले. हिंदुस्थानच्या चलनव्यवस्थेचे दुखणे मात्र गेले नाही. युद्ध संपल्यावर चांदीवरचे नियंत्रण उठले, भाव पुन्हा भडकला आणि त्याच्यामागे धावत रुपयाचा दर दोन शिलिंगांपर्यंत नेला गेला. तो टिकला नाही आणि त्यात व्यापारी पोळले. याच काळात, नोव्हेंबर १९१८ पासून, बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत होते. रुपयाची ही सगळी ओढाताण त्यांनी जवळून पाहिली. पुढे लंडनला जाऊन त्यांनी लिहिलेला रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२३ मध्ये पुस्तकरूपाने आला, आणि नाणी पाडण्याचा अधिकार सरकारच्या मर्जीवर सोडू नये ही त्यांची त्यातली मागणी या पार्श्वभूमीवर वाचली की जास्त नेमकी कळते.

अमेरिकेत आता कायद्याचे दुसरे कलम लागू झाले. १९२० मध्ये चांदीचा भाव कोसळला आणि बाजारभाव डॉलरच्या बराच खाली गेल्यावर खाणमालकांनी हमीच्या एका डॉलरने सरकारला चांदी विकायला सुरुवात केली. तिचे डॉलर पाडणे बंधनकारक होते. अडचण अशी की मॉर्गन डॉलरचे मूळ ठसे १९१० मध्येच नष्ट केले होते; हे नाणे पुन्हा पाडावे लागेल असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. जॉर्ज मॉर्गन पंच्याहत्तरीत होता आणि आता मुख्य खोदकार झाला होता. त्याने आपलेच नाणे पुन्हा कोरले. १९२१ चा मॉर्गन डॉलर जुन्याशेजारी ठेवला तर फरक डोळ्यांना कळतो : उठाव कमी, गरुडाच्या छातीवरची पिसे सपाट, चेहरा थोडा निर्जीव. तीन टाकसाळींनी मिळून त्या एका वर्षात ८ कोटी ६७ लाखांच्या वर डॉलर पाडले. आज बाजारात सगळ्यात स्वस्त मिळणारा मॉर्गन डॉलर तोच.

टाकसाळी या कामाला जुंपल्या गेल्या, त्याचा एक परिणाम कोणी योजला नव्हता. त्यातच त्या वर्षी मंदी होती, चिल्लरीला मागणी कमी होती. १९२१ मध्ये डेन्व्हरने अर्धे डॉलर पाडले फक्त २ लाख ८ हजार, फिलाडेल्फियाने २ लाख ४६ हजार. आणि १९२२ मध्ये नेहमीच्या चलनातले दहा सेंटांचे, पाव डॉलरचे आणि अर्ध्या डॉलरचे एकही नाणे पाडले गेले नाही. सगळी यंत्रे डॉलर ओतत होती. सूर्याकडे चालत निघालेल्या स्वातंत्र्यदेवीचा तो अर्धा डॉलर जमवणाऱ्यांच्या वहीत १९२१ ची तिन्ही घरे शेवटपर्यंत मोकळी राहतात, त्याचे मूळ इथे आहे. हिंदुस्थानच्या रुपयाने अमेरिकेचे जुने डॉलर दुर्मीळ केले. त्यांची भरपाई करताना अमेरिकेने स्वतःची चिल्लर दुर्मीळ केली.

त्याच वर्षाच्या अखेरीस जुन्या चेहऱ्याच्या जागी नवा आला. डॉलर पुन्हा पाडायचेच आहेत तर युद्ध संपल्याची आठवण म्हणून नवे रूप द्या, अशी मागणी फॅरन झर्बे या नाणेतज्ज्ञाने १९२० च्या शिकागो अधिवेशनात केली होती. मूर्तिकारांमधल्या स्पर्धेत अँथनी डी फ्रान्चिशी या इटलीतून आलेल्या तरुणाची निवड झाली. स्वातंत्र्यदेवीच्या चेहऱ्यासाठी त्याने आपल्या बायकोलाच, तेरेसाला, स्टुडिओत बसवले आणि खिडकी उघडी ठेवली, केस वाऱ्यावर उडावेत म्हणून. तेरेसाही लहानपणी आगबोटीने इटलीहून आली होती. शाळेच्या कार्यक्रमात स्वातंत्र्यदेवीची भूमिका दुसऱ्या मुलीला मिळाली तेव्हा आपल्याला किती लागले होते, याची आठवण तिने नंतर भावाला लिहिलेल्या पत्रात काढली. चेहरा नाण्यावर आल्यावर ते दुःख फिटले.

मूळ आराखड्यात गरुडाच्या पायांत मोडलेली तलवार होती. वर्तमानपत्रांतून बातमी फुटताच गहजब झाला : मोडलेली तलवार म्हणजे पराभव. डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत मॉर्गनने भिंगाखाली बसून ती तलवार ठशावरून घासून काढली आणि तिच्या जागी ऑलिव्हच्या फांदीची पाने वाढवली. २८ डिसेंबर १९२१ ला पहिले नाणे पडले. वर्ष संपेपर्यंत पडली १०,०६,४७३. उठाव इतका जास्त होता की ठसे तडकू लागले, म्हणून १९२२ पासून तो कमी केला गेला. त्या खोल उठावाचे एकच वर्ष, म्हणून १९२१ च्या या शांतता डॉलरला संग्राहक वेगळी जागा देतात. कोऱ्या नाण्यातसुद्धा कानावरच्या मधल्या केसांचा ठसा बहुधा पुसट असतो. तो ठसठशीत असलेला एखादाच. मुशीत गेलेल्या २७ कोटींचा हिशेब १९२८ मध्ये पुरा झाला. शेवटच्या वर्षी फिलाडेल्फियाने पाडलेली नाणी फक्त ३,६०,६४९. या मालिकेतला तो सगळ्यात लहान आकडा.

इतके होऊनही सामान्य माणूस अजून संग्राहक झालेला नव्हता. तो झाला महामंदीत. १९३० च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये पुठ्ठ्याचे फलक निघाले, वर्ष आणि टाकसाळ छापलेल्या गोल भोकांचे. रासीनच्या व्हिटमन कंपनीने ते घरोघर पोचवले. सुट्ट्या पैशांतून एक-एक नाणे निवडायचे आणि भोकात दाबून बसवायचे. बेकारीच्या दिवसांत हा फुकटचा विरंगुळा होता. मोकळे भोक माणसाला स्वस्थ बसू देत नाही. दहा सेंटांच्या फलकावर १९१६ चे डेन्व्हरचे भोक जवळजवळ सगळ्यांचेच मोकळे राहत होते.

त्या नाण्याची कथा छोटी आहे. १९१६ मध्ये चांदीच्या तिन्ही लहान नाण्यांना नवी रूपे मिळाली. टोपीला पंख असलेल्या स्वातंत्र्यदेवीच्या दहा सेंटांच्या नाण्याला लोक चुकून रोमन देव मर्क्युरीचे नाव देऊन बसले आणि तेच रूढ झाले. डेन्व्हरने ती पाडायला घेतली आणि लवकरच वरून हुकूम आला, ती बाजूला ठेवा, पाव डॉलर जास्त पाहिजेत. तोपर्यंत पडली होती २ लाख ६४ हजार. बाजारात ती इतरांसारखीच खर्च झाली. आज त्यांची किंमत नाण्याच्या मागच्या बाजूला, काठाजवळ असलेल्या एका टीचभर डी अक्षरात आहे आणि म्हणूनच बनावटगिरीही तिथेच होते. फिलाडेल्फियाच्या साध्या नाण्यावर डी चिकटवून दिला जातो. जाणकार भिंग लावून आधी त्या अक्षराच्या बुंध्याशी फट किंवा डागाची रेघ शोधतो, मगच बाकीचे नाणे पाहतो. त्याच वर्षीच्या नव्या रूपातल्या पाव डॉलरची अवस्था आणखी बिकट : पाडली ५२ हजार, तीही डिसेंबरच्या अखेरीस. साल देवीच्या पायाखालच्या पायरीवर उठावात होते आणि सगळ्यात आधी तेच झिजे. साल पुसले गेलेली ही नाणी आता तज्ज्ञ वस्त्राच्या चुण्यांवरून आणि केसांच्या वळणावरून ओळखतात.

डॉलरांच्या बाबतीत संग्राहकांची अडचण वेगळी होती. काय वितळले ते माहीत नव्हते, म्हणून काय उरले तेही माहीत नव्हते. १९०३ चा न्यू ऑर्लीन्सचा डॉलर घ्या. पाडले होते साडेचव्वेचाळीस लाख, पण कोरे नाणे कोणाच्या पाहण्यात येत नसे. सगळे १९१८ मध्ये मुशीत गेले असावेत, असा समज झाला. १९६० च्या सुमारास दरपुस्तकात त्याची किंमत होती दीड हजार डॉलर, मॉर्गन मालिकेतली सर्वांत चढी. मग १९६२ च्या नाताळाआधी बँकांना भेटींसाठी चांदीचे डॉलर हवे होते, म्हणून फिलाडेल्फियातले १९२९ पासून मोहोरबंद असलेले एक तळघर उघडले. न्यू ऑर्लीन्सच्या थैल्या बाहेर आल्या. कोरी, चमकती नाणी. १८९८, १९०४ आणि १९०३ ची. बातमी पसरली आणि ज्यांनी दीड हजार मोजले होते त्यांच्या नाण्याचा भाव काही आठवड्यांत पन्नासाच्याही खाली आला. लेखाच्या सुरुवातीचे १९०४ चे स्वस्त नाणे याच थैल्यांतून आलेले आहे. १९०१ च्या फिलाडेल्फियाच्या थैल्या मात्र कुठल्याच तळघरातून निघाल्या नाहीत.

ही बातमी फुटताच वॉशिंग्टनमधल्या कोषागाराबाहेर रांगा लागल्या. एका कागदी डॉलरला एक चांदीचा, या जुन्या वचनावर लोक थैल्याच्या थैल्या उचलू लागले. मार्च १९६४ मध्ये सरकारने हे वाटप थांबवले तेव्हा सुमारे तीस लाख नाणी उरली होती, बहुतेक नेवाडातल्या कार्सन सिटी टाकसाळीची; ती १९७० च्या दशकात टपालाने बोली मागवून विकली गेली. १८८४ च्या कार्सन सिटी डॉलरांपैकी तर पाडल्यातले पंच्याऐंशी टक्के नाणी नव्वद वर्षे तिजोरीतच बसून होती. १९८० मध्ये चांदीने औंसाला पन्नास डॉलरच्या आसपास उडी मारली तेव्हा साध्या वर्षांची ढिगाने नाणी पुन्हा एकदा वितळली. त्याचीही यादी नाही.

आपल्याकडच्या हौशी संग्राहकाच्या हाती असा डॉलर आला तर पहिला मोह होतो तो चिंच-रांगोळीने घासून उजळ करण्याचा. तो आवरावा. शंभर वर्षांच्या हवेने चढलेली ती करडी-निळसर झाक आणि तिच्याखालची टाकसाळीची मूळ चमक यांनाच बाजार पैसे देतो. घासलेल्या नाण्याला उरतो तो मोडीचा भाव. आधी वजन करावे. २६.७३ ग्रॅमच्या जवळ नसेल, तर पुढचे काही पाहण्यात अर्थ नाही.

हिंदुस्थानात गेलेल्या चांदीचीही परतीची वाट होती. गाडग्यांत पुरलेले रुपये हळूहळू वर आले, सरकारकडे त्यांचे ढीग साचले आणि १९२७ पासून हिंदुस्थान सरकार जगाच्या बाजारात चांदी विकू लागले. भाव आणखी पडला. नेवाडाच्या खाणींचे कैवारी पुन्हा उठले आणि १९३३ च्या जुलैत लंडनमध्ये चांदीविषयी करार झाला : चार वर्षांत हिंदुस्थानने चौदा कोटी औंसांहून जास्त चांदी विकू नये. तो करार घडवून आणणारे अमेरिकी प्रतिनिधी होते की पिटमन. त्याच वर्षी जूनमध्ये ब्रिटनने आपल्या युद्धकर्जाचा एक हप्ता अमेरिकेला चांदीत फेडला. सुमारे दोन कोटी औंसांची ती चांदी हिंदुस्थान सरकारकडून घेतली होती आणि अमेरिकेने ती पन्नास सेंट औंस या दराने जमा करून घेतली. पंधरा वर्षांपूर्वी तिचीच किंमत एक डॉलर दीड सेंट लावली होती.

सगळे रुपये परत गेले नाहीत. पंचम जॉर्जचा, कमळाखाली ठिपका असलेला, १९१८ किंवा १९१९ सालचा रुपया महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत अजून आहे. आश्विनी अमावस्येला संध्याकाळी तो डब्यातून निघतो, ताम्हनात पाण्याने आणि पंचामृताने न्हातो, हळदकुंकू लावून घेतो आणि लाह्या-बत्ताशांशेजारी बसतो. फिलाडेल्फियाच्या १९०१ च्या थैल्यांतली चांदी यांतल्या कोणत्या रुपयांत आहे, हे सराफाच्या कसोटीला विचारून कळत नाही. दुसऱ्या दिवशी तो पुसून, मऊ फडक्यात गुंडाळून पुन्हा डब्यात ठेवला जातो.